एकाच गल्लीची दोन दारं

१

फाटकाशी उभा असलेला माणूस आपला नवरा आहे, हे शिवणवालीने त्याच्या उभं राहण्यावरून ओळखलं. वरच्या खिडकीतून चेहरा दिसत नव्हता. नुसती टोपी आणि खांदे दिसत होते. पण एक पाय पुढे टाकून, अंगठा पट्ट्यात खोचून, समोरचं घर जणू बापजाद्यांचं आहे अशा थाटात उभा राहणारा माणूस तिला एकच माहीत होता.

तिने यंत्राखालचा फ्रॉक तसाच सोडला. झोपलेली मुलगी खांद्यावर टाकली, मागच्या दाराने अंगणात उतरली आणि भिंतीवरून शेजाऱ्यांच्या आवारात उडी घेतली. पुढे फाटकाशी घर सांभाळणाऱ्या बाईने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं. त्याने शेवटी तिचा हात पिरगाळला आणि आत शिरला, तोवर शिवणवाली दोन गल्ल्या ओलांडून एका औषधांच्या दुकानात पोचली होती. पायात चप्पल नव्हती. दुकानदाराच्या फोनवरून तिने पाठ केलेला एकच नंबर फिरवला.

"ताई, तो आला."

 ताईची संस्था घरातून जीव वाचवून निघालेल्या बायकांना आसरा द्यायची. शहरभर विखुरलेली साधी भाड्याची घरं, दारावर पाटी नाही, शेजाऱ्यांना खरं कारण माहीत नाही. इतक्या वर्षांत एकाही घराचा सुगावा कुणाला लागला नव्हता. पोलिसांकडे जावं, तर शिवणवालीचा नवराच पोलीस अधिकारी, तोही खात्याच्या तांत्रिक विभागातला. जबाब लिहून घेणारा त्याच्याच पंगतीला बसणारा निघायचा.

घर सांभाळणारी फितूर झाली असेल, असं क्षणभर ताईच्या मनात येऊन गेलं. पण ती तर हाताला पट्टी बांधून दवाखान्यात बसली होती. आणि संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या घरातून फोन आला.

"ताई, समोर एक गाडी उभी आहे कालपासून. आतला माणूस उतरत नाही. नुसता आमच्या दाराकडे बघतोय."

या घराचा पहिल्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. दोन्ही पत्ते शेजारी शेजारी असलेली जागा सगळ्या जगात एकच होती. ताईच्या कचेरीतला सर्व्हर.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. ताईच्या आईची ही धाकटी बहीण सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात सर्व्हर बसवण्यात आणि बिघडलेली संगणकांची जाळी सोडवण्यात घालवून निवृत्त झाली होती. घरच्यांना तिचा धाक वाटायचा, कारण ती रागवायची नाही. नुसतं विचारायची.

"चिमे, रडून झालंय का?"

"झालंय."

"मग खोली दाखव."

सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालचं कोठार होतं. लोखंडी मांडणीवर सर्व्हर, त्याला जोडलेला पडदा आणि कळफलक, भिंतीवर इंटरनेटचा राउटर. त्या राउटरची वायर फक्त स्वागतकक्षातल्या एका संगणकाला जायची, पत्रव्यवहारापुरती. सर्व्हरचं जाळं वेगळं, आतल्या आत फिरणारं. गाड्यांच्या वेळापत्रकापासून कोर्टातल्या अर्जांपर्यंत सगळं सर्व्हरवर ठेवायचं, टेबलावरच्या यंत्रांत काही म्हणजे काही साठवायचं नाही, आणि सर्व्हरला बाहेरच्या जगाची वायर कधीही लावायची नाही, हा ताईचा दंडक होता.

"पत्त्यांची फाइल कोण उघडू शकतं?"

"मी आणि वकीलबाई. बाकी कुणाकडे पासवर्ड नाही."

"आणि या खोलीची किल्ली?"

"माझ्याकडे. वकीलबाईंकडे. सर्व्हर सांभाळणारा मुलगा येतो, चष्म्या म्हणतो आम्ही त्याला, त्याच्याकडे. आणि दादाकडे. त्याच्याकडे सगळ्याच किल्ल्या असतात."

दादा म्हणजे ताईचा सख्खा मोठा भाऊ. संस्थेच्या गाड्या, किराणा, डागडुजी सगळं तोच बघायचा. घरांचे पत्ते मात्र त्यालाही माहीत नव्हते. गाड्या चौकापर्यंत जायच्या, पुढे बायका चालत जायच्या.

मावशीने मांडणी पुढे ओढली, बॅटरी पेटवली आणि सर्व्हरच्या पाठीमागे डोकं घातलं.

"ये, बघ. वायर लावायच्या दोन खोबणी आहेत. एकीत तुमच्या आतल्या जाळ्याची वायर आहे. दुसरी रिकामी."

"ती कायमच रिकामी असते."

"असं? मग मागची सगळी पाठ धुळीने भरलेली असताना हिचंच तोंड एवढं स्वच्छ कसं?"

ताईने वाकून पाहिलं. जळमटांच्या मधोमध ती एक खोबण घासूनपुसून ठेवल्यासारखी चकचकत होती.

मावशी पडद्यासमोर बसली. सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालायचा. काळ्या पडद्यावर तिने एक ओळ टाइप केली, उत्तर वाचलं, मग एक फाइल उघडून तीही वाचली.

"प्रत्येक खोबणीला, म्हणजे इंटरफेसला, आपला एक आकड्यांचा पत्ता लागतो," ती म्हणाली. "तो द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. या फाइलीत लिहून दिला तर यंत्र मरेपर्यंत विसरत नाही. नाहीतर आज्ञा टाइप करून तोंडी सांगायचं. तोंडी सांगितलेलंही ते लगेच ऐकतं, पण बंद करून परत चालू केलं की साफ विसरतं. फाइलीत दुसऱ्या खोबणीचं नावही नाही. म्हणजे कुणीतरी तोंडी सांगितलं, वायर लावली, काम उरकलं. आधी टाइप केलेल्या आज्ञाही पुसल्यात. बाहेरून आत आलेला जाताना पावलं पुसून गेला."

"बाहेरून आत आलेला?"

"वायर एकाने लावली, पत्ते दुसऱ्याने नेले. नेणारा कोण ते उघड आहे." मावशीने बॅटरी विझवली. "आपल्याला लावणारा शोधायचाय. आणि तो रोज तुझ्या कचेरीत येऊन बसतोय."

३

त्या दिवशी ताईला आपली कचेरी परकी वाटली. वकीलबाईंनी कपाट उघडलं की तिची मान वळायची. दादा फोनवर हळू बोलला की तिचे कान टवकारायचे. कुणी हसलं तरी का हसलं, असं मनात यायचं. स्वतःच्या फोनचा पडदा ती टेबलावर उपडा ठेवू लागली.

मावशीने पहिल्यांदा वकीलबाईंना बोलावलं. संस्थेचे खटले त्याच लढायच्या. फटकळ बाई, आणि गेल्या महिन्यात ताईशी कडाक्याचं भांडण झालेलं.

"म्हणजे संशय माझ्यावर आहे," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या.

"संशय सगळ्यांवर आहे. माझ्या भाचीवरसुद्धा. तुमचा नंबर पहिला, एवढंच. या आठवड्यात सर्व्हरने काही त्रास दिला होता?"

"त्रास? सोमवारी जेवून आले, अर्ज लिहायला घेतला आणि मधेच पडदा गोठला. कुठलीच फाइल उघडेना. वाटलं, होईल थोड्या वेळात. कसलं काय! संध्याकाळपर्यंत ठप्प. शेवटी चष्म्याला मीच फोन केला. तो दिवेलागणीला आला, काहीतरी खुडबुड केली आणि चालू करून गेला. माझा अर्ज गेला तो गेलाच."

ताईला आठवलं. सोमवारी ती स्वतः कोर्टात होती, पण परत आल्यावर हिशेब लिहिणारी बाईही हीच तक्रार करत होती.

"तुमचं आणि चिमीचं भांडण कशावरून झालं होतं?"

वकीलबाईंचा चेहरा निर्विकार झाला. "कामावरून."

"कुठल्या?"

"तिलाच विचारा."

त्या उठून गेल्या. ताई म्हणाली, "बायकांनी घरच्यांशी काही काळ अजिबात संपर्क ठेवायचा नाही, असा नियम आहे. तो त्यांना जाचक वाटतो. म्हणाल्या, तुला माणसं कळत नाहीत, नियम कळतात."

"हं," मावशी म्हणाली. "दादाला बोलावू नकोस. आपणच त्याच्या टेबलाशी जाऊ."

४

दादा नेहमीसारखाच होता. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, कानामागे पेन्सिल. मावशीला बघून उठला, तिच्यासाठी खुर्ची ओढली, पंखा तिच्याकडे वळवला.

"मावशी, तू आलीस, बरं झालं. ही चिमी दोन दिवस जेवलेली नाही. तिला समजाव जरा."

"समजावते. सोमवारी दुपारी कुठे होतास रे?"

"इथेच. हलायला सवड कुठे होती? मंगळवारी दोघींना कोर्टात न्यायचं होतं. त्यात दुपारी गाडीवाल्याचा फोन, उद्याचं काय म्हणून. वेळापत्रक उघडून बघतो तर दोन फेऱ्या एकमेकींवर चढलेल्या. एक पुढे ढकलली, त्याला सांगितली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सर्व्हरबिर्व्हरच्या भानगडीत मी पडत नाही, तुला ठाऊक आहे. मला फोनवरचा संदेश पाठवायला पोराला हाक मारावी लागते."

"पोरगा कसा आहे?"

"बरा आहे." दादाने पेन्सिल कानामागून काढली आणि परत खोचली. "बरा आहे."

मावशीने पुढे काही विचारलं नाही. बाहेर येऊन तिने गाडीवाल्याला फोन लावला. हो, सोमवारी दुपारी आपणच दादांना फोन केला होता. दादांनी थांब म्हणून सांगितलं, बघितलं आणि फेरी बदलल्याचं लगेच कळवलं. मंगळवारी त्याच वेळेवर गाडी नेली.

ताईच्या छातीवरचं ओझं जरा हललं. निदान एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी जुळत होतं. निदान दादा तरी.

मावशी मात्र जिन्याच्या पायरीवर टेकली. चेहरा एकदम थकल्यासारखा दिसत होता.

"काय झालं?"

"काही नाही. वय झालं. चष्म्याला फोन लाव."

चष्म्याचा फोन बंद होता. ताई पुन्हा पुन्हा लावत असतानाच वरच्या वळणावरून दबका आवाज आला. वकीलबाईंचा.

"मुलगी सुखरूप आहे. नातही. नाही, ते घर सोडावं लागलं. कुठे नेलं ते मला विचारू नका. मी परत फोन करीन."

ताईने वर पाहिलं. वकीलबाईंच्या हातात जो फोन होता, तो तिने आजवर कधीच पाहिला नव्हता.

५

"कुणाशी बोलत होतात?" ताई जिना चढून त्यांच्या समोर उभी राहिली. "किती दिवस चाललंय हे?"

वकीलबाईंनी फोन लपवला नाही. "शिवणवालीच्या आईशी. म्हातारी अंथरुणाला खिळलीय. लेक जिवंत आहे की नाही, एवढंच तिला हवं असतं. आठवड्यातून एकदा सांगते. पत्ता कधी सांगितला नाही, गाव सांगितलं नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच! त्या म्हातारीच्या फोनवर तो कान लावून बसला असेल तर?"

"म्हणून तर वेगळा फोन घेतला."

"नियम मोडलात तुम्ही!"

"मोडला."

ताईने मावशीकडे पाहिलं. आता काय ते बोल, अशा नजरेने. मावशी कठड्याला धरून सावकाश उभी राहिली.

"नियम मोडलाय, त्यावर तुम्ही दोघी नंतर भांडा. पण चिमे, डोकं चालव. वकीलबाईंना पासवर्ड माहीत आहे. पत्ते विकायचे असते तर त्यांनी खुर्चीत बसून फाइल वाचली असती आणि फोनवर सांगून मोकळ्या झाल्या असत्या. जिन्याखाली शिरून वायरी कशाला लावतील? बाहेरच्याला सर्व्हरमध्ये घ्यायची गरज कुणाला पडते? ज्याला स्वतःला फाइल उघडता येत नाही त्याला."

वकीलबाई खाली बसल्या. इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. ताईला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, आणि गेली नाही. त्या आठवड्यात तिला तेही जमत नव्हतं.

चष्म्याचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं, जुने संगणक दुरुस्त करायचं. अर्धं शटर खाली. आत तो एका मोठ्या पिशवीत हत्यारं भरत होता. ताईला पाहताच त्याच्या हातातला पेचकस खाली पडला.

"कुठे निघालास?" मावशीने विचारलं.

"मामाकडे. चार दिवस."

"सोमवारी संध्याकाळी सर्व्हरच्या पडद्यावर काय दिसलं, ते सांगून जा."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग भिंतीला टेकून उभा राहिला.

"मीच पुसलं," तो म्हणाला. "ताई, मीच पुसलं सगळं."

६

ते सांगताना त्याला धाप लागत होती. सोमवारी वकीलबाईंनी बोलावल्यावरून तो आला, पडद्यावर इंटरफेसची माहिती काढली आणि हादरला. रिकाम्या खोबणीला कुणीतरी पत्ता दिला होता. वायर काढून नेलेली, पत्ता मात्र तसाच.

"आणि तो पत्ता कुठला?" मावशीने विचारलं.

"तेच तर! आतल्या जाळ्याचे जे आकडे, त्याच आकड्यांतला. राउटरकडच्या जाळ्याचेही योगायोगाने तेच आकडे आहेत. राउटर ज्या कंपनीचा, तिचे सगळे राउटर त्याच आकड्यांवर चालतात. दोन जाळी कधी जोडायचीच नव्हती, म्हणून मी कधी बदलले नाहीत. आणि वर, नव्या खोबणीला अग्रक्रम दिलेला. सर्व्हर सगळी उत्तरं तिकडून धाडत होता, आणि तिकडे वायरच नाही."

"मग तू ताईला का नाही सांगितलंस?"

"कारण..." त्याची मान खाली गेली. "सर्व्हरच्या पडद्यावर माझं मुख्य खातं उघडंच असायचं. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा. त्या खात्याला सगळ्या फाइली वाचता येतात. जो कुणी येऊन बसला त्याला काही फोडावंच लागलं नाही. माझ्यामुळे. मी घाबरलो, सर्व्हर बंद करून चालू केला. म्हटलं, कुणाला कळणार नाही. दोन दिवसांनी घर सापडल्याचं कळलं, तेव्हापासून झोप नाही."

 बोळातून बाहेर येताच ताई म्हणाली, "त्यानेच केलं. कबूलच केलं की!"

"पुसल्याचं कबूल केलं. केल्याचं नाही." मावशी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसली. "बस इथे. तुला समजेल असं सांगते. एका घराला दोन दारं आहेत. एक पुढच्या गल्लीत उघडतं, एक मागच्या. दोन गल्ल्यांची नावं वेगळी असतील तर गोंधळ नाही. पण दोन्ही गल्ल्यांचं नाव एकच ठेवलं, तर घरातला माणूस कुठल्या दाराने जाणार?"

"ज्या दाराने जा असं सांगितलंय त्या."

"बरोबर. इथे सांगितलं मागच्या. पुढच्या गल्लीतले लोक हाका मारत बसले आणि घर त्यांना मागच्या दाराने उत्तरं देत राहिलं. म्हणून सोमवारी दुपारी तुमच्या सगळ्या टेबलांवरचे पडदे गोठले. आता, आतली गल्ली आखली कुणी? चष्म्याने. तिचं नाव त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. तो असली चूक करणार नाही. शिवाय त्याचं खातं उघडंच होतं. त्याला फाइल वाचायला बाहेरच्याची काय गरज? सांगणाऱ्याला फक्त बाहेरची गल्ली माहीत होती, राउटरवरच्या चिठ्ठीवरून वाचून दाखवलेली. सांगणारा शिकलेला, पण तुमच्या आतल्या जाळ्याला परका. शिवणवालीचा नवरा. टाइप करणारा मात्र काहीच न समजता टाइप करत होता. अक्षर अक्षर ऐकून."

 नावं संपत आली होती.

"वायर काढल्यावरही सर्व्हर त्या बंद दाराकडेच उत्तरं धाडत राहिला," मावशी सावकाश म्हणाली. "दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. त्या वेळात कुठल्याही टेबलावरून कुठलीही फाइल उघडणं शक्य नव्हतं. अर्ज नाही, हिशेब नाही, वेळापत्रकही नाही."

ताई ओट्यावरून उठली.

"पण गाडीवाला म्हणतो..."

"गाडीवाला खरं बोलतो. दादाही खरं बोलला. त्याने वेळापत्रक उघडलं, बघितलं, बदललं. खोटं असतं तर मंगळवारची गाडी चुकली असती. ती वेळेवर गेली. कचेरीतल्या सगळ्यांना त्रास झाला आणि एकट्या त्याला झाला नाही. त्या दुपारी वेळापत्रक दिसेल अशी एकच जागा होती, चिमे. खुद्द सर्व्हरचा पडदा. बाहेरचा आत शिरून पत्ते शोधत होता आणि दादा तिथे बसून वाट बघत होता. गाडीवाल्याचा फोन आला, समोर पडदा होताच, आणि वेळापत्रक त्यावरही टेबलावरच्यासारखंच उघडतं. उघडून सांगितलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणीतरी शटर ओढलं. मावशीने पदराने डोळे टिपले.

"त्याला मी मांडीवर खेळवलंय गं. मला वाटत होतं, चष्म्याकडून काहीतरी वेगळंच निघेल."

७

दादाने नाकारलं नाही. मावशीने एकच प्रश्न विचारला, "वेळापत्रक कुठे बसून उघडलंस?" आणि तो टेबलाच्या कडेला हात टेकून हळूहळू खाली बसला, खुर्चीत नाही, जमिनीवरच.

"पोराने गाडी ठोकली," तो म्हणाला. "एका सायकलवाल्याला. मांडीचं हाड मोडलं त्याचं. पोरगा न थांबता घरी आला. कुणी बघितलं नाही असं वाटलं. मग हा आला. माझ्या दारात, साध्या कपड्यांत. म्हणाला, गाडीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, अजून कुणाला दाखवला नाही. मला माझी मुलगी एकदा बघायची आहे, बस्स."

"आणि तू त्याला दार उघडून दिलंस," ताई म्हणाली.

"वायर कुठे लावायची ते त्याने फोनवर सांगितलं. चार ओळी सांगितल्या. मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, एकच पत्ता घेईल. लांबून बघेल मुलीला आणि जाईल..."

"तुला तसं वाटलं नाही, दादा. तू तसं वाटून घेतलंस."

 ताईला त्याच्यावर ओरडायचं होतं, त्याच्या किल्ल्यांचा जुडगा भिंतीवर फेकायचा होता. तिने तो उचलला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"दुसऱ्या घरासमोर गाडी उभी आहे. तो पत्ता कुणासाठी घेतला त्याने? तिथल्या बाईचा नवरा त्याचा कोण लागतो? सगळी यादी नेलीय. किती जणांना वाटली असेल, विचार केलास?"

"चिमे, तू म्हणशील ते करतो."

"जबाब दे. वकीलबाई लिहून घेतील, थेट न्यायाधीशांसमोर नेतील. तो तुझ्या दारात आला तिथपासून सगळं. फोटोसकट."

दादाने मान वर केली. "फोटो सांगितला तर पोरगा आत जाईल."

"जाईल."

"तुझा भाचा आहे तो."

"ज्याची मांडी मोडली, तोही कुणाचा तरी भाचा असेल."

मावशी दाराशी उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं. ती आपली बाजू घेईल, असं लहानपणापासून त्याला वाटत आलं होतं, आणि तशी ती घेतही आली होती. मावशीने दार उघडलं आणि बाहेर वाकून हाक मारली.

"वकीलबाई, कागद घेऊन या."

८

पुढचे दिवस धावपळीत गेले. सगळी घरं रिकामी केली, नवी शोधली. शेजारच्या शहरातल्या दोन संस्थांनी जागा दिली. न्यायाधीशांनी दादाचा जबाब बंद खोलीत ऐकला, आणि त्याच आठवड्यात तो अधिकारी नोकरीतून निलंबित होऊन कोठडीत गेला. दुसऱ्या घरासमोर गाडीत बसून राहिलेला माणूसही सापडला. चष्म्याने येऊन दोन्ही जाळ्यांचे आकडे बदलले, आपलं खातं बंद केलं आणि काम सोडायची परवानगी मागितली. ताईने ती दिली नाही. म्हणाली, "आता तुझ्याइतका सावध माणूस मला कुठे मिळणार?"

वकीलबाईंनी मोडलेला नियमही बदलला. म्हातारीला निरोप द्यायचा, पण कसा द्यायचा ते आता दोघी मिळून ठरवू लागल्या.

भाच्यावर गुन्हा दाखल झाला. ताई दादाच्या घरी गेली, तेव्हा वहिनीने दार अर्धंच उघडलं. "काय राहिलंय आता न्यायचं?" एवढं म्हणाली आणि लावून घेतलं. आत दादा खोकल्याचं ऐकू आलं. तो बाहेर आला नाही. त्याने येऊ नये असंच ताईला वाटत होतं, आणि तरी ती बराच वेळ त्या दाराशी उभी राहिली.

तिथून ती थेट शिवणवालीच्या नव्या जागी गेली. एका गोदामाच्या वरची खोली होती. मुलगी कोपऱ्यात चिंध्यांची बाहुली करत होती. पलंगभर बेतलेलं कापड पसरलेलं, आणि शिवणवाली त्यावर खडूने खुणा करत होती.

"ताई, एक विचारू?" ती वर न बघता म्हणाली. "पत्ता कुणी दिला, ते कळलं म्हणे. मला कुणी सांगत नाही."

उत्तर तयार होतं. कचेरीतला एक माणूस, आता काढून टाकलाय. वकीलबाईंनी तेच सांगायला सुचवलं होतं. ताईने तोंड उघडलं, आणि तिला ते वाक्य जमेना.

"माझ्या भावाने," ती म्हणाली. "सख्ख्या."

शिवणवालीच्या हातातला खडू थांबला. ती रागावेल, ओरडेल, मुलीला उचलून निघून जाईल, हे सगळं ताईने येताना वाटेत मनातल्या मनात पाहून घेतलं होतं. तिने खडू खाली ठेवला.

"म्हणजे ताई," ती म्हणाली, "तुमचंही माहेर तुटलं."

मग तिने पलंगावरचं कापड गोळा करून बाजूला सारलं, आणि ताईला बसायला जागा केली.